पानं सोडून दिलेलं झाड

डोंबिवलीतलं टिळकनगर घ्या, ठाण्यातला नौपाडा घ्या किंवा कल्याणचा खडकपाडा घ्या. कुठल्याही इमारतीखाली उभं राहून मान वर केली, की दोनचार खिडक्यांच्या ग्रिलमधून खाली झुकलेल्या बारीक, हिरव्यागार फांद्या दिसतातच. तुळस, जास्वंद, कोरफडीच्या गर्दीत हे झाड कुणाच्या नजरेत भरत नाही. ते मोठं फूल देत नाही, पूजेला लागत नाही, औषधाला कुणी तोडत नाही. नर्सरीत त्याला अ‍ॅस्परॅगस म्हणतात, घरात नुसतं ‘ते फर्न’ म्हणतात, आणि आठवण झाली की पाणी घालतात. मला विचाराल तर त्या ग्रिलमधलं सगळ्यांत विलक्षण झाड तेच. पटत नसेल तर त्याच्याजवळ जा आणि त्याचं एक पान शोधून काढा.

बोटांत येतात त्या हिरव्या सुया. त्या पानं नाहीत. शाळेच्या कंपासपेटीत असायचं तसलं साधं भिंग घ्या आणि एक फांदी उजेडात धरा. सुयांचा प्रत्येक झुबका एकाच बिंदूतून निघालेला दिसेल. त्या बिंदूच्या खाली, देठाला चिकटून, एक वाळका, तपकिरी, पापुद्र्याएवढा त्रिकोणी खवला असतो, जेमतेम एकदोन मिलिमीटरचा. नखानं ओढला तर निघून येतो आणि झाडाला त्याचं काही वाटत नाही. तो खवला म्हणजे या झाडाचं पान. कोंब कोवळा असताना आतला डोळा झाकून ठेवायचा, एवढंच त्याचं काम. ते झालं की तो सुकतो.

मग सुया कोण? वनस्पतिशास्त्राचा एक साधा नियम आहे: पानाच्या बगलेत डोळा असतो आणि डोळ्यातून फांदी फुटते. इथे खवल्याच्या बगलेतून सुया फुटलेल्या आहेत. म्हणजे त्या फांद्या आहेत! वाढ खुंटलेल्या, टोकाला पुढचा डोळा नसलेल्या आणि पानाचं सगळं काम अंगावर घेतलेल्या फांद्या. शास्त्रात त्यांना क्लॅडोड म्हणतात. हिरवा रंग त्यांचा, सूर्यप्रकाशातून अन्न तयार करणं त्यांचं. पान बाजूला झालं आणि त्याचा कारभार फांदीनं चालवायला घेतला.

याच्या पुढची गोष्ट मला आणखी चक्रावून टाकते. फांदीला पानाचं काम जमलं कसं? नाकायामा, यामागुची आणि त्सुकाया या जपानी संशोधकांनी 2012 साली ‘द प्लांट सेल’ या नियतकालिकात याचा छडा लावला. पान घडवताना झाडाच्या पेशींत जी जनुकं जागी होतात, तीच या सुया घडताना जागी झालेली त्यांना दिसली. पानाची वरची बाजू आणि खालची बाजू वेगळी ठेवणारी जनुकंसुद्धा त्यात होती. ज्या जातींत दोन्ही बाजूंचा हिशोब शाबूत राहिला, त्यांचे क्लॅडोड चपटे, पानासारखेच झाले. ज्यांत तो बिघडला आणि चहूकडे खालचीच बाजू झाली, त्यांच्या गोल सुया झाल्या. थोडक्यात, झाडानं पान मोडीत काढलं, पण पान बनवायची कृती मोडीत काढली नाही. ती फांदीच्या हातात दिली.

ग्रिलमधल्या या अ‍ॅस्परॅगसचा नेहमीचा प्रकार म्हणजे स्प्रेंगेरी. तिच्या कुंडीत हात घालणाऱ्याला काटे ठाऊक असतात. ते कुठून आले हेही याच भिंगाखाली कळतं. मुख्य देठावरच्या त्याच खवल्यांचा तळ कडक होऊन खाली वळतो आणि टोकदार होतो. म्हणजे पानाचं जे काही उरलं होतं, त्याचंही या झाडानं हत्यार केलं. छाटणी करताना हातमोजे घाला असं सांगतात ते यासाठी. या झाडाच्या रसानंही काहींच्या कातडीला खाज सुटते.

आता फर्नचं. खरी फर्न, म्हणजे नेचे, आपल्याकडे पावसाळ्यात सगळीकडे उगवतात. जुन्या वाड्यांच्या ओल्या भिंतींतून, गटाराच्या दगडांतून, विहिरीच्या कठड्यातून. ठाण्याच्या येऊरच्या जंगलात झाडांच्या खोडांवर बाशिंग चढलेलं दिसतं, तोही नेचाच. नेच्याला फूल येत नाही, फळ येत नाही, बी येत नाही. पानाच्या पाठीवरच्या ठिपक्यांतून धुळीसारखे बीजाणू उडतात आणि त्यांवर त्याचा वंश चालतो. अ‍ॅस्परॅगसला मात्र फूल येतं. हे फूल बहुतेकांनी पाहिलेलं नसतं, कारण ते हरभऱ्याच्या दाण्याहून लहान असतं. सहा पांढुरक्या पाकळ्या आणि मधे सहा पुंकेसर. झाड पुरेसं जुनं आणि उजेडात असेल तर उकाड्याच्या दिवसांत फांद्यांवर अशी फुलं लगडतात आणि त्यांना मंद गोड वास येतो. मागून हिरवी गोल फळं धरतात. स्प्रेंगेरीची पिकून लालबुंद होतात, आत बहुधा एकच काळी बी. दुसऱ्या, नाजूक जाळीच्या अ‍ॅस्परॅगसची फळं काळसर जांभळी होतात. ज्याला फूल, फळ आणि बी आहे, त्याला नेच्यांच्या पंगतीत बसवता येत नाही.

त्याची पंगत कुठली, ते पाहिलं की ग्रिलमधल्या निम्म्या कुंड्यांकडे नव्यानं बघावं लागतं. पूर्वी या झाडाला लिलीच्या कुलात घालत. वनस्पतींच्या जनुकांचा तौलनिक अभ्यास सुरू झाला तशी ही जुनी मांडणी मोडली, आणि 2009 साली आलेल्या वर्गीकरणानं अ‍ॅस्परॅगसच्या नावानं एक मोठं कुल उभं केलं. त्यात कोण कोण आहे? टेबलावर काचेच्या भांड्यात ठेवलेला लकी बांबू आहे. पट्ट्यापट्ट्यांचा स्नेक प्लांट आहे. पिल्लं लोंबकळत ठेवणारा स्पायडर प्लांट आहे. माळरानावरचा घायपात आहे. हारातला निशिगंधही आहे, आणि अलीकडे तर शास्त्रज्ञांनी त्याला घायपाताच्याच प्रजातीत घातलं आहे. बाल्कनीतली ही मंडळी एकमेकांना ओळख देत नाहीत, इतकी वेगळी दिसतात. पण ती एका घराण्यातली आहेत.

घराण्याची एक शाखा भाजीबाजारातही बसते. जूनचा पहिला पाऊस पडून गेला की कल्याणच्या आणि ठाण्याच्या बाजारांत मुरबाड-शहापूरकडच्या बायका रानभाज्या घेऊन येतात. शेवळं येतात, टाकळा येतो आणि गवतासारख्या लांब पात्यांची फोडशी येते. काही जण तिला कुलू म्हणतात. फोडशी ही क्लोरोफायटम प्रजातीतली, म्हणजे स्पायडर प्लांटची सख्खी बहीण आणि अ‍ॅस्परॅगसची चुलत. याच क्लोरोफायटममधल्या एका जातीचं नाव आहे क्लोरोफायटम बोरिविलिअ‍ॅनम. पांढरी मुसळी म्हणून औषधात वापरतात ती. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे स्पॅनिश जेझुइट फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1950च्या दशकात तिचं वर्णन केलं आणि बोरिवलीचं नाव तिला दिलं. आज ज्याला आपण संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणतो त्या डोंगराची पश्चिमेची बाजू म्हणजे बोरिवली आणि पूर्वेची बाजू म्हणजे येऊर. जगभरच्या औषधबाजारात ज्या वनस्पतीचा गाजावाजा आहे, तिच्या शास्त्रीय नावात आपल्या लोकलचं एक स्टेशन आहे!

त्याच येऊरच्या वाटेवर आपल्या कुंडीतल्या झाडाची सर्वांत जवळची देशी नातलग भेटते, ती म्हणजे शतावरी. बाळंतिणीच्या उशाशी ज्या शतावरी कल्पाचा डबा असतो, तीच. अ‍ॅस्परॅगस रेसिमोसस हे तिचं शास्त्रीय नाव, आणि प्रजाती तीच, जी ग्रिलमधल्या स्प्रेंगेरीची. पावसाळ्यात ही काटेरी वेल झुडपांवरून चढते. भिंगातून पाहिलं तर सगळं तसंच: पापुद्र्याएवढा खवला, त्याच्या बगलेत सुयांचा झुबका, देठावर मागे वळलेला काटा. सुया मात्र किंचित विळ्यासारख्या वाकलेल्या. पाऊस सरत आला की तिला पांढऱ्या, सुवासिक फुलांचे घोस येतात. जमिनीखाली बोटाएवढ्या जाड, पांढुरक्या, रसाळ मुळांचा जुडगा असतो. औषधाला तोच लागतो. या मुळांतल्या सॅपोनिन गटातल्या रसायनांना शास्त्रज्ञांनी शतावरिन असं नाव दिलेलं आहे.

एक गोष्ट इथेच स्पष्ट सांगायला हवी. नातं जवळचं असलं तरी कुंडीतल्या शोभेच्या अ‍ॅस्परॅगसच्या मुळांच्या गाठी शतावरी म्हणून कुणी तोंडात घालू नयेत. सॅपोनिन त्यांतही असतात, पण जाती वेगळ्या आहेत आणि शोभेच्या जातींची फळं खाल्ल्यावर पोट बिघडतं. घरात रांगतं मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर लाल फळं धरताच ती खुडून टाकावीत, किंवा कुंडी उंच टांगावी.

शतावरी आपल्या डोंगरातली, मग स्प्रेंगेरी कुठली? आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची. अ‍ॅस्परॅगसच्या दोनशेहून जास्त जाती जगात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा दक्षिण आफ्रिकेत एकवटल्या आहेत. ज्याचं नाव या झाडाला चिकटलं तो कार्ल लुडविग श्प्रेंगर हा जर्मन माळी-वनस्पतिशास्त्रज्ञ. तो इटलीत नेपल्सला राहायचा आणि तिथल्या डामान नावाच्या रोपवाटिकेत भागीदार होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यानं हे झाड युरोपच्या बागांमध्ये आणलं आणि 1890 साली सेंट पीटर्सबर्गच्या रेगेल यांनी श्प्रेंगरच्या नावानं त्याचं वर्णन छापलं. याच श्प्रेंगरनं मोठ्या फुलांच्या कर्दळीही तयार केल्या. आपल्या सोसायट्यांच्या फाटकाशी कर्दळ आणि वरच्या गॅलरीत स्प्रेंगेरी असते तेव्हा एकाच माणसाच्या हातची दोन कामं समोरासमोर असतात. 1906 साली व्हेसुव्हिअस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि त्याच्या राखेनं श्प्रेंगरच्या बागेचं अतोनात नुकसान केलं. त्यानंतर तो ग्रीसच्या कॉर्फू बेटावर जर्मन सम्राटाची बाग सांभाळायला गेला. शास्त्रीय पुस्तकांत आता या झाडाचं नाव बदलून अ‍ॅस्परॅगस इथिओपिकस झालं आहे. नर्सरीवाल्याच्या तोंडी मात्र श्प्रेंगर टिकला.

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत तीन प्रकार हमखास मिळतात. पहिला ही स्प्रेंगेरी: कमानीसारख्या झुकणाऱ्या, मीटरभर लांब होणाऱ्या फांद्या, टांगायच्या कुंडीला सर्वांत योग्य आणि सर्वांत सोशिक. दुसरा फॉक्सटेल, किंवा मायरी: फांद्या ताठ उभ्या आणि सुया चारी बाजूंनी दाट. तिसरा सेटेशियस, ज्याला जुने लोक प्लुमोसस म्हणतात. पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतला हा प्रकार तिघांत नाजूक. त्याच्या सुया केसाएवढ्या बारीक असतात आणि सगळी फांदी एका पातळीत, आडवी, त्रिकोणी पसरते. फुलवाल्यांचं हे लाडकं. गुलाबाच्या बुकेमागे जी हिरवी जाळी असते किंवा नवरदेवाच्या कोटाला लावलेल्या फुलामागे जो हिरवा तुरा असतो, तो पुष्कळदा हाच. दादरच्या आणि कल्याणच्या फूलबाजारात त्याच्या जुड्या येतात. तोडलेली फांदी पाण्यात कितीतरी दिवस ताजी राहते, आणि त्याचं कारण पुन्हा तेच. रुंद पान नाही, म्हणून पाणी उडून जायला जागा कमी. रोप लहान असताना ते गुपचूप झुडपासारखं राहतं. मोठं झालं की एक दिवस वेल होऊन शेजारच्या गजाला विळखे घालत वर निघतं. हे पाहून काही जण घाबरतात. त्याला दोरी द्यावी आणि जाऊ द्यावं.

हे झाड वाढवायचं कसं, हे कुठल्याही यादीपेक्षा त्याची कुंडी एकदा उलटी करून पाहिली की नीट कळतं. दोनतीन वर्षांची स्प्रेंगेरी कुंडीतून काढा. बहुतेक वेळा सहज निघत नाही; प्लॅस्टिकची कुंडी बाहेरून दाबावी लागते, मातीची असेल तर कधी कधी फोडावी लागते. बाहेर येतो तो कुंडीच्याच आकाराचा गोळा. मातीचा मागमूस कमी, आणि सगळीकडे गुळगुळीत, पांढुरक्या, फुगीर गाठी, काही द्राक्षाएवढ्या तर काही लिंबाएवढ्या. एक कापून पहा. आत पाणीच पाणी, बोट ओलं होतं. झाडानं वर पानं टाकून दिली आणि खाली पाण्याची टाकी बांधली, ही एकाच युक्तीची दोन टोकं आहेत. त्याच्या मूळ गावी पावसाळा येतो आणि मग कोरडे महिने येतात. त्या महिन्यांतून तगायचं म्हणून हा सगळा खटाटोप.

आणि इथेच ते आपल्या हवेशी जुळतं. ठाणे जिल्ह्यात वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने आभाळ कोरडं. येऊरची शतावरी हेच वेळापत्रक पाळते: उन्हाळ्यात वरून सुकून गेल्यासारखी दिसते, मुळांत पाणी धरून बसते आणि पहिल्या पावसाबरोबर नवे कोंब वर काढते. आफ्रिकेतून आलेली तिची चुलत बहीण डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर रुळली ती त्याच अंगभूत सवयीच्या जोरावर. म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो: या झाडाला पाणी घालताना त्याच्या फांद्यांकडे बघू नका, गाठींचा विचार करा. त्यांना मधून मधून कोरडं व्हायची सवय आहे. त्यांना सतत ओलं ठेवलं तर त्या कुजतात.

व्यवहारात याचा अर्थ असा. बोट मातीत एका पेरापर्यंत घालायचं. वरचा थर कोरडा लागला तर भांडं भरून, कुंडीच्या खालच्या भोकातून निथळेपर्यंत पाणी द्यायचं. ओला लागला तर त्या दिवशी सोडून द्यायचं. रोज सकाळी पेलाभर पाणी टाकायची सवय तुळशीला चालते, या झाडाला ती वाईट. वरचा थर ओला राहतो आणि खालच्या गाठींपर्यंत कधी पाणी पोचतच नाही. टांगलेली लहान कुंडी एप्रिल-मेच्या वाऱ्यात लवकर सुकते, तिला रोज लागू शकेल. थंडीत आठवड्यातून दोनदा पुरतं. बोट सांगेल तेच खरं.

पावसाळ्यात आपल्या भागात या झाडाचे हाल होतात ते हवेमुळे नव्हे. दमट हवा त्याला मनापासून आवडते. घात करते ती कुंडीखालची बशी. ग्रिलमध्ये पागोळ्या पडतात, बशी भरते, कुंडी आठवडाभर पाण्यात उभी राहते. शिवाय जुन्या कुंडीत गाठींनी भोक बुजवलेलं असतं, म्हणजे पाण्याला वाटच नाही. जून लागायच्या आधी बश्या काढून ठेवाव्यात आणि भोकातून एक काडी घालून पहावी. पावसात फांद्या पिवळ्या पडल्या आणि बुडाशी देठ मऊ लागला, मातीला आंबट वास आला, तर ती कूज आहे. कुंडीतून काढून मऊ, काळ्या गाठी कापून टाकायच्या आणि कोरड्या मातीत पुन्हा लावायचं.

उन्हाळ्यातला पिवळेपणा वेगळा. तिथे सुया वाळून झडतात, हात लावला की फरशीवर हिरवा-पिवळा सडा पडतो. लोक म्हणतात झाड मेलं, आणि कुंडी जिन्यात नेऊन ठेवतात. झाड मेलेलं नसतं. पाणी संपत आल्यावर ते सुया टाकतं, म्हणजे खर्च बंद करतं, आणि गाठींवर दिवस काढतं. सगळ्या वाळक्या फांद्या बुडापासून कापा, कुंडी सावलीत आणा, एकदा भरपूर पाणी द्या आणि थांबा. काही आठवड्यांत मातीतून जे वर येतं ते बघण्यासारखं असतं.

तो कोंब हिरवा नसतो, निदान पहिल्यांदा नाही. पांढुरका किंवा किंचित जांभळट, गुळगुळीत, टोकाला खवले घट्ट मिटलेले, ना फांदी ना सुई. मॉलमध्ये महागड्या भाजीच्या कप्प्यात रबरबँड लावून ठेवलेल्या अ‍ॅस्परॅगसच्या कोंबाची ती अगदी बारीक आवृत्ती, आणि नातंही तेच. खायचा अ‍ॅस्परॅगस म्हणजे याच प्रजातीतल्या दुसऱ्या जातीचा असाच कोंब. तो कापला नाही तर त्याचाही असाच पिसारा होतो. कुंडीतला कोंब काही दिवस सरळ वर जातो, भराभर, रोज सकाळी उंची वाढलेली दिसेल अशा वेगानं. मग एके दिवशी टोकाकडचे खवले सुटतात, बाजूच्या फांद्या बाहेर पडतात आणि त्यांच्यावर सुया उलगडतात. पहिले काही दिवस त्या इतक्या कोवळ्या पोपटी असतात की उजेड आरपार जातो. या काळात कोंबाला धक्का लावू नये. टोक मोडलं तर तो कोंब तिथेच थांबतो.

ऊन किती? पूर्वेची गॅलरी सर्वांत चांगली. सकाळचं कोवळं ऊन आणि मग दिवसभर उजेड. पश्चिमेच्या ग्रिलमध्ये मार्चनंतर दुपारचं ऊन सुया भाजून काढतं, तिथे हिरवी जाळी लावा किंवा कुंडी आतल्या बाजूला घ्या. अगदी अंधाऱ्या पॅसेजमध्येही ठेवू नका. शेजारच्या इमारतीची भिंत हाताच्या अंतरावर असली की उजेड कमी पडतो, सुया विरळ होतात आणि गळू लागतात. स्प्रेंगेरी जास्त ऊन सोसते, सेटेशियस सर्वांत कमी.

मातीबद्दल एक आग्रह. आपल्या नर्सऱ्यांत पिशवीतून मिळणारी लाल माती एकटी वापरू नये. पाणी घालून घालून ती विटेसारखी आवळते आणि गाठींना श्वास घेता येत नाही. निम्मी माती, पाव भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, उरलेल्या पाव भागात कोकोपीट आणि जाड वाळू, हे मिश्रण मला पटलेलं आहे. खताची याला फार भूक नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर मूठभर गांडूळखत पुरे होतं. फार खत दिलं तर लांब, लेचीपेची वाढ होते.

दर दोनतीन वर्षांनी कुंडी बदलावी लागते, आणि वेळ झाली हे झाड स्वतःच सांगतं. गाठी वाढून वाढून सगळं झाड वर उचलतात, माती कुंडीच्या काठाच्या वर येते आणि घातलेलं पाणी बाजूनं वाहून जातं. तेव्हा गोळा बाहेर काढून धारदार सुरीनं दोनतीन भाग करावेत. इथे पुष्कळांची निराशा होते, कारण त्यांना वाटतं की बटाटा लावल्यासारखी एकेक गाठ लावली तर रोपं होतील. होत नाहीत. बटाटा हे खोड आहे, त्याला डोळे असतात. ही गाठ म्हणजे मूळ, तिला डोळा नाही. ती नुसती टाकी आहे. डोळे सगळे वर, जिथून फांद्या निघतात त्या बुडख्यात असतात. म्हणून प्रत्येक भागाला बुडख्याचा तुकडा आणि त्यावर दोनतीन जिवंत फांद्या हव्यात. थोड्या गाठी कापून टाकल्या तरी चालतं, जागा होते. बियांपासूनही येतं: पिकलेल्या फळाचा गर धुऊन काढायचा, बी दिवसभर पाण्यात भिजवायची आणि ओल्या कोकोपीटमध्ये पेरायची. तीन ते सहा आठवडे लागतात, म्हणून रिकामी कुंडी समजून कुणी टाकून देऊ नये याची काळजी घ्यावी.

किडी फार नाहीत. कोरड्या हवेत लाल कोळी येतो: सुया फिक्या ठिपक्याठिपक्यांच्या होतात आणि बारीक जाळं दिसतं. त्याला पाण्याचा फवाराच पुष्कळदा पुरतो. फांद्यांच्या बेचक्यांत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. कडुलिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात मिसळून संध्याकाळी फवारावं. रस्त्याला लागून घर असेल तर धूळ हीच मोठी कीड. बारीक सुयांवर ती थर धरते. महिन्यातून एकदा कुंडी मोरीत नेऊन वरून पाणी सोडलं की झाड दुसऱ्याच रंगाचं दिसतं.

शेवटी एक गोष्ट, जी नर्सरीत कुणी सांगत नाही. स्प्रेंगेरीची लाल फळं पक्षी आवडीनं खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. ऑस्ट्रेलियात शोभेसाठी नेलेल्या आफ्रिकी अ‍ॅस्परॅगसनी बागा सोडल्या आणि किनारपट्टीच्या जंगलांत जमिनीवर गाठींचे असे थर घातले, की तिथली देशी रोपं रुजेनाशी झाली. 2012 साली ऑस्ट्रेलियानं या तणांना राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत घातलं. फ्लोरिडा आणि हवाईमध्येही तीच तक्रार आहे. ज्या गुणांनी हे झाड आपल्या ग्रिलमध्ये टिकतं, त्याच गुणांनी ते रानात माजतं. ठाण्यात तर डोंगर इमारतींच्या पाठीला लागून आहे. घोडबंदर रस्त्याच्या किंवा वर्तकनगरच्या मागच्या बाजूला राहणाऱ्यांनी कुंडी बदलताना निघालेले बुडखे आणि गाठी जंगलाच्या काठावर, ओढ्याकाठी किंवा कंपाउंडच्या पलीकडे कधीच टाकू नयेत. बुडखे उन्हात पूर्ण वाळवावेत, तुकडे करावेत आणि मगच कचऱ्यात द्यावेत. फळं पिकायच्या आधी खुडावीत. येऊरच्या जागेवर शतावरीचा आणि मुसळीचा हक्क आधीचा आहे.

आणि ज्यांना मोठी कुंडी ठेवायला जागा आहे त्यांनी नर्सरीत जाऊन शतावरीचंच रोप मागावं. औषधी रोपं ठेवणाऱ्या नर्सऱ्यांत ते मिळतं. फूटभर खोल कुंडी, चढायला काठी, वर सांगितलेलीच माती, तेच पाणी. ऊन तिला स्प्रेंगेरीपेक्षा थोडं जास्त चालतं. दोन्ही कुंड्या शेजारी ठेवा आणि मुलांच्या हातात भिंग द्या.